वेटलिस्टवर असताना कॉलेज निवडायचं कसं?

मार्चअखेरपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल लागतात. बारावीनंतर पुण्या-मुंबईहून थेट तिकडे पदवीसाठी जाऊ पाहणारी मुलं असोत की न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलं, अनेकांच्या वाट्याला होकार-नकारापलीकडचं तिसरं उत्तर येतं: वेटलिस्ट.

रेल्वेच्या वेटिंग लिस्टमुळे आपण आधी नंबर विचारतो. इथे बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो. काही मुलं दुसरीकडे जाणार हे गृहीत धरून विद्यापीठ जागांपेक्षा कितीतरी जास्त मुलांना प्रवेश देऊ करतं. तो अंदाज चुकून जागा उरल्या, तरच वेटलिस्ट उघडते. तेव्हाही केवळ गुण पाहिले जात नाहीत. ज्या विषयात किंवा ज्या भागातून मुलं कमी आली, तिथली भरती आधी होऊ शकते. म्हणून वेटलिस्ट हा मुलाच्या लायकीवरचा शेरा नव्हे, हे आईवडिलांनी त्याला आवर्जून सांगावं. त्या आठवड्यांत मुलं फार खचतात.

शक्यता किती, हे थोडंफार तपासता येतं. बरीच विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-२ भागात वेटलिस्ट किती जणांना देऊ केली, किती जणांनी ती स्वीकारली आणि अखेर किती जणांना घेतलं, हे आकडे असतात. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. एका वर्षी शेकडो मुलं घेणारं विद्यापीठ पुढच्या वर्षी जेमतेम काहींना घेतं.

वेटलिस्टवर राहायचं असेल तर तसं मुदतीत कळवावं लागतं. आपोआप नाव राहत नाही. मग रस कायम असल्याचं छोटं पत्र पाठवावं: अर्जानंतरचे गुण, नवं काम आणि बोलावलंत तर नक्की येईन हे वाक्य. ते वाक्य एकाच विद्यापीठाला लिहावं. काही विद्यापीठं असं काही पाठवू नका म्हणतात. तिथे पाठवू नये.

खरं काम मात्र होकार आलेल्या कॉलेजांपाशी आहे, कारण १ मेपर्यंत त्यातल्या एकाला डिपॉझिट भरून जागा पक्की करावी लागते. (२०२४मध्ये फाफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाचा, गोंधळ झाल्याने अनेकांनी ही तारीख पुढे नेली होती.) ही निवड वेटलिस्ट नाहीच असं समजून करावी. आर्थिक मदतीच्या पत्रातलं अनुदान आणि कर्ज वेगळं काढून चारही वर्षांचा खर्च मांडा. विषय नंतर बदलता येतो का, हे विचारा. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन विद्यापीठात दुसऱ्या विषयातून कम्प्युटर सायन्समध्ये शिरणं अतिशय अवघड आहे. होकार आलेल्या कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोला. ‘तात्पुरतं’ म्हणून निवडलेल्या कॉलेजात चार वर्षं काढावी लागू शकतात, म्हणून मनापासून जावंसं वाटेल असंच निवडा. डिपॉझिट मात्र दोन ठिकाणी भरू नका. ते अप्रामाणिक आहे आणि उघडकीला आलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात.

वेटलिस्टवरून बोलावणं आलंच, तर ते मे-जूनमध्ये, कधी त्याहून उशिरा येतं आणि उत्तराला अनेकदा दोन-तीन दिवसच मिळतात. तोवर मदतीचा निधी बराचसा वाटून झालेला असू शकतो, शिवाय काही विद्यापीठं या टप्प्यावर कुटुंबाची पैसे भरण्याची क्षमताही पाहतात. त्यामुळे मदतीचा आकडा लेखी हाती आल्याशिवाय होकार देऊ नका. पहिलं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, ते हिशेबात धरा. भारतातून जाणाऱ्यांना नव्या विद्यापीठाचा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, घ्यावा लागतो. ३५० डॉलर्सची सेविस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, आधी भरली असेल तर व्हिसा मिळण्यापूर्वी ती नव्या आय-२०कडे वळवता येते. आणि निर्णय झाला की पहिल्या कॉलेजला त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्यांच्या वेटलिस्टवरच्या कुणाला तरी ती जागा वेळेत मिळेल.