वीज परत येते, सर्व्हर उठत नाही

आपल्या जिल्ह्यात वीज जाण्याचे दोन हंगाम आहेत. एक वळवाचा. दुपार कलताच वावटळ उठते, एखादी फांदी तारांवर कोसळते आणि गावेच्या गावे अंधारात बुडतात. दुसरा भर पावसाळ्याचा, विशेषतः अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात. निवासी शाळेत वीज गेली की प्रथम पाण्याच्या मोटारीची आणि स्वयंपाकघराची काळजी पडते. कार्यालयाच्या कोपऱ्यातील सर्व्हर कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या दिवशी दाखला मागण्यासाठी पालक दारात उभे राहतात, तेव्हाच त्याची आठवण होते.

सर्व्हर म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. कार्यालयातील व ग्रंथालयातील संगणक ज्या एका संगणकाकडून माहिती मागून घेतात, तो सर्व्हर. विद्यार्थ्यांची बरीच माहिती आता ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ या शासकीय प्रणालींत असते, हे खरे. परंतु जुन्या जनरल रजिस्टरच्या पानांची छायाचित्रे, वसतिगृहाचे हिशेब आणि स्नेहसंमेलनांची चित्रे तेथे नसतात. या पानांचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातींच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. मग वडील, चुलते, आजोबा यांच्या शाळेतील नोंदी शोधत कुटुंबे गावोगाव हिंडतात. कागद वाळवीच्या तोंडी गेला असेल, तर ते छायाचित्र हाच उरलेला आधार. म्हणून सर्व्हर बंद पडला की वाचवायचे असते ते आतील माहितीला. यंत्र बाजारात पुन्हा मिळते.

वीज जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण अधिक घातक असतो. पुरवठा सुरू होताच परिसरातील मोटारी, पंखे, शीतकपाटे एकदम वीज ओढू लागतात आणि दाब हेलकावे खातो. त्यातच न्यूट्रलची तार तुटली असेल, तर २३० व्होल्टच्या जोडणीत ४०० च्या आसपासही दाब येऊ शकतो. हे केवळ खेड्यातले दुखणे नाही. मे २०१७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील ब्रिटिश एअरवेजच्या संगणककेंद्रात वीज खंडित झाली आणि सुमारे ७५ हजार प्रवासी खोळंबले. वीज अनियंत्रितपणे परत आल्याने यंत्रसामग्रीची हानी झाली, असे कंपनीच्या वरिष्ठांनीच सांगितले होते. तेव्हा वीज गेली की सर्व्हरची पिन भिंतीतून काढावी, आणि वीज आल्यावरही पंधरा-वीस मिनिटे थांबून ती लावावी.

एवढे करूनही तो उठला नाही, तर आधी डोळ्यांनी पाहावे. एकही दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. डिस्कला हात लावण्याचे कारणच नाही. पुष्कळदा खुद्द यूपीएस मेलेला असतो. त्याची बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत थकते. सर्व्हरची वायर दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटला लावून पाहावी, वायरही बदलून पाहावी. मग पिन काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला भार निघून जातो. काही यंत्रे एवढ्यानेच जागी होतात. नाही झाले, तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून पाहावा. तो डबा मात्र घरी उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब काही काळ राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, अशा वेळी बीपचे आवाज मोजून लिहून ठेवावेत आणि रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवाव्यात.

सर्वांत फसवी अवस्था पुढची आहे. पडदा उजळतो आणि ‘चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. डिस्क गेली, असा निष्कर्ष काढून येथेच घाई होते. वास्तविक मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. यंत्राची तारीख आणि काही यंत्रांत डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची ही मांडणीदेखील तो जपतो. यंत्र प्लगला जोडलेले असेतो सेल संपल्याचे कळत नाही. वीज लांबली की कळते. यंत्र सारे विसरते, आणि समोरची धडधाकट डिस्क त्याला ओळखू येत नाही. तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसली, तर आधी सेल बदलावा आणि बायोसमधील मांडणी पूर्ववत करावी. खर्च पन्नास रुपयांच्या आसपास.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायावर चालायला लावणे. आवाज नसेल आणि यंत्र अर्ध्यावर अडकत असेल, तर लिहिता लिहिता वीज गेल्याने फाइलींची मांडणी विस्कटलेली असते. ती सावरणारी साधने आहेत, लिनक्समध्ये एफएससीके, विंडोजमध्ये चेकडिस्क. पण ती डिस्कवर लिहितात. आधी पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून सारी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. दोन-तीन डिस्क एकत्र जोडलेल्या असतील, तर कोणती कोणत्या खाचेत होती ते चिठ्ठ्या लावून ठेवावे. ‘फॉरमॅट मारून नवे टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर प्रत हाती येईपर्यंत त्यांना चहा द्यावा आणि थांबवावे.

जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: अर्थिंग. पारनेर-पाथर्डीकडील उथळ, मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि खड्ड्यातील अर्थिंग निकामी होत जाते. फेब्रुवारीपासून त्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्याचे काम शिपाईदादांच्या यादीत असावे.

सर्व्हर सुरू झाला म्हणजे लगेच दाखले छापायला बसू नये. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा कागदी रजिस्टरशी ताडून पाहाव्यात आणि पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ बघावे; सेल संपलेल्या यंत्राने दिलेल्या दाखल्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख छापली जाते आणि त्यासाठी पालकांना पुन्हा एक एसटी पकडावी लागते.