दोन मुलगे, सव्वा लाख पोळ्या

चौथ्या वाढदिवसापासून एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत एका मुलाच्या पोटात किती जातं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात वयाप्रमाणे रोजची गरज दिली आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला १,३६० किलोकॅलरी, सात ते नऊच्या मुलाला १,७००, दहा ते बाराच्या मुलग्याला २,२२०, तेरा ते पंधराच्याला २,८६० आणि सोळा ते अठराच्याला ३,३२०. पंधरा वर्षांची बेरीज मारली की १,२५,४८,७०० होतात. सव्वा कोट! तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण शंभर किलोकॅलरी धरल्या, तर एका मुलाची भूक झाली सव्वा लाख पोळ्यांची. घरात दोन मुलगे असतील तर अडीच लाखांची.

सगळी भूक काही पोळीनं भागत नाही. दूध, वरणभात, केळी, शाळेतलं मध्याह्न भोजन, गाडीवरचं खमण हे सगळं असतंच. म्हणून निम्मी भूक त्यावर टाकू आणि निम्मीच पोळी-भाकरीच्या खाती लिहू. तरी दोघांच्या मिळून सव्वा लाख पोळ्या उरतात. त्यांची कणीक भरते ३,७५० किलो, म्हणजे पन्नास किलोची ७५ पोती. एक पोळी वीतभर, १८ सेंटिमीटरची धरून या पोळ्या रेल्वेच्या रुळाकडेनं एकापुढे एक मांडत गेलं, तर साडेबावीस किलोमीटरची रांग होईल. सुरत स्टेशनावरून निघालेली ही रांग नवसारीची जवळजवळ पाऊण वाट कापेल.

सुरतचं नाव उगाच घेतलं नाही. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा या भागांत मराठी घरं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली बहुतेक खानदेशातून आलेली. उधना-जळगाव हा ३०६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग त्यांची नाळ आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत ही माणसं लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आली, आणि मे महिन्यात मुलांना घेऊन त्याच गाडीनं मामाच्या गावाला जातात. २००१ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ४४ लाख ६७ हजारांवर गेली. मधल्या काळात शहराची हद्द वाढली हे खरं, पण नुसत्या हद्दीनं माणसं वाढत नाहीत. कामाला माणसं आली, त्यांच्यामागे बायका आल्या, मग इथेच लेकरं झाली. त्यांच्यासाठी महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. लिंबायतमधला पोऱ्या घरी अहिराणी बोलतो, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती आणि दुकानात हिंदी, आणि यात काही विशेष आहे असं त्याला वाटतही नाही.

असं एक घर डोळ्यांपुढे धरू. वडील लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीला जातात. आई घरीच साड्यांचे धागे कापते, स्टोन चिकटवते. मोठा मुलगा सात वर्षांचा, धाकटा चारचा. खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट, माणशी ३० फूट. याच शहरात खजोदला १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. त्याचं बांधकाम ६७ लाख चौरस फुटांचं आहे. या खोलीच्या हिशेबानं त्या एका इमारतीत सव्वादोन लाख माणसं संसार मांडू शकतील. दोन्ही मापं एकाच शहरातली आहेत, ती शेजारी ठेवून पाहायलाच हवीत.

रात्रपाळी करून वडील सकाळी सातला घरी येतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्यानंतर त्या १२० फुटांत दोन मुलग्यांनी आवाज न करता खेळायचं असतं. ते कसं जमतं ते एखाद्या आईलाच विचारावं. साडीची घडी मांडीवर, गोंदाची बाटली उजव्या हाताला, धाकट्याचा एक पाय साडीच्या काठावर येऊ नये म्हणून डाव्या हातानं त्याला धरलेलं, आणि मोठ्याला पाढे कुजबुजत म्हणायला लावलेलं. साडेपाच मीटरच्या साडीवर गोंदाचा एक थेंब चुकीच्या जागी पडला की त्या साडीची मजुरी गेली. तेवढ्यात कानाशी येऊन कुणीतरी हळूच म्हणतं, "मम्मी, भूक लागनी."

वडील ज्या साध्या शटलच्या लूमवर उभे राहतात, तो मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो. बारा तासांच्या पाळीत एका लूमचे १,०८,००० धोटे होतात. इकडे घरात चार वर्षांच्या मुलाचं हृदय मिनिटाला साधारण शंभर ठोके टाकतं, दिवसाचे १,४४,०००. लूमला पाळी बदलताना विसावा मिळतो, तार तुटली की तो थांबतो, सणाला खातं बंद असतं. मुलाच्या छातीतलं यंत्र झोपेतही थांबत नाही. मेंदूचा आकडा तर याहून अचाट आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राच्या मांडणीनुसार आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात. पाळण्यातल्या बाळाकडे बघत आई एक पोळी लाटून भाजते, त्या एका मिनिटात सहा कोटी जोडण्या! पुढे यातल्या पुष्कळशा गळून जातात आणि वापरातल्या पक्क्या होतात. काय वापरात राहतं ते घरात काय बोललं जातं, काय दिसतं, कोण जवळ घेतं यावर बरंच अवलंबून असतं. म्हणूनच कुजबुजत म्हटलेल्या पाढ्यांनाही मी फार मोठी किंमत देते.

दुधाचा आणि धुण्याचा हिशेब थोडक्यात उरकते. दोघांना मिळून दिवसाला एक लिटर दूध म्हटलं, तर अर्ध्या लिटरच्या पिशव्या वर्षाला ७३० आणि पंधरा वर्षांत १०,९५०. शाळेचा एक आणि घरचा एक असे दोन जोड रोज धुवायचे म्हटले, तर दोघांचे कपडे वर्षाला २,९२०. शाईचे, मातीचे आणि आंब्याचे डाग यात मोजलेले नाहीत.

मोजायला मला सगळ्यात आवडतो तो आकडा जानेवारीतला. सुरतेत उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, ही मुलग्यांची दिवाळीच. डिसेंबर उतरला की रस्त्याकडेला खांब रोवले जातात, त्यांच्यावर पांढरा दोरा ताणून त्याला गुलाबी मांजा पाजतात आणि फिरक्या भरून देतात. सुरती मांजाचं नाव सगळ्या गुजरातेत आहे. फिरकी वारावर विकतात, हजार वार, अडीच हजार वार, पाच हजार वार. पाच हजार वार म्हणजे ४,५७२ मीटर. अशा दोन फिरक्या जोडल्या तर दोरा ९,१४४ मीटर भरतो आणि एव्हरेस्टची उंची आहे ८,८४९ मीटर. दोन भावांच्या दोन फिरक्यांतला दोरा सरळ उभा केला तर तो जगातल्या सगळ्यात उंच शिखरावरून जवळजवळ तीनशे मीटर वर जाईल! आता सुरतेतली फक्त एक लाख घरं धरा, घरटी एकच मोठी फिरकी. दोरा होतो ४,५७,२०० किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. चौदा जानेवारीला सुरतेच्या गच्च्यांवर चंद्रापर्यंत पोचून वर उरेल एवढा दोरा सहज असू शकतो.

त्या गच्चीवर धाकट्याचं काम ठरलेलं असतं, फिरकी धरायचं. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, डोळे वर, आणि मोठ्यानं "ढील" म्हटलं की फिरकी सैल सोडायची. पतंग कापला की शेजारच्या दहा गच्च्यांवरून एकच आरोळी उठते, "काय पो छे!" हा आनंद खरा आहे आणि तो मुलांना मिळालाच पाहिजे. पण चंद्रापर्यंतचा हा दोरा संध्याकाळी झाडांवर, तारांवर, रस्त्यांवर पडतो. त्यात पक्षी अडकतात, दुचाकीस्वारांचे गळे कापतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, आणि सुरतेत उत्तरायणाच्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकींना मज्जाव करतात. सुती दोराही काच लावलेला असतोच. पंधरा तारखेला वासी उत्तरायण झालं की दोघा भावांना पिशवी देऊन गच्चीवरचा आणि गल्लीतला दोरा गोळा करायला लावणं हा त्या सणाचाच भाग मानला पाहिजे.

आता पोळ्यांकडे. लाटून भाजायला एका पोळीला एक मिनिट धरलं, तर सव्वा लाख मिनिटं लागतात. लूमच्या बारा तासांच्या पाळीत मोजलं तर १७३ पाळ्या भरतात. जवळजवळ सहा महिने रोज, बारा तास, नुसत्या पोळ्या! यात कणीक मळणं नाही, गहू निवडणं नाही, भाजी नाही, भांडी नाहीत. आणि आई-वडील काय खातात हेही यात धरलेलं नाही. लूमच्या पाळीचा पगार मिळतो, या १७३ पाळ्यांची कुठे नोंदही होत नाही.

नोंद होते ती एका सरकारी पाहणीत. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांपैकी जे घरकाम करत होते, त्यांची मिनिटं होती ९७. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून बरं वाटतं, तोवर शेजारचा रकाना दिसतो: पुरुषांची ९७ वरून ८८ झाली. म्हणजे बायकांची वाचलेली मिनिटं पुरुषांनी उचललेली नाहीत. मला हा आकडा सगळ्यात जास्त बोचतो.

सुरतेत तो आणखी बोचतो, कारण हे पुरुषांचं शहर आहे. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया होत्या. एकटे कामाला येणारे पुरुष हे त्याचं मोठं कारण. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे ८३५ च मुली होत्या, आणि तान्ही लेकरं कुणी कामासाठी स्थलांतर करत नाहीत. काही हस्तक्षेप नसेल तर हे प्रमाण साधारण साडेनऊशेच्या पुढे असतं. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांचं हे गणित आहे. मुलगा हवा म्हणून एवढं करणाऱ्या समाजानं तो मुलगा पुढे कसा वाढवायचा, याचा विचार मात्र फारसा केलेला नाही. त्याला पोळी लाटता येत नाही. गाव सोडून एकटा इथे येतो तेव्हा मेसच्या ताटावर दिवस काढतो आणि लग्न झालं की ते ताट बायकोकडे जातं.

सात वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा देऊन बघा. पहिली पोळी नकाशासारखी होईल, तीही त्यालाच खाऊ द्या. चार वर्षांच्या मुलाला गरम तव्याजवळ नेऊ नये, पण आपलं ताट मोरीत नेऊन विसळणं त्याला नक्की जमतं. दोघांनी दिवसातून तीनदा आपापलं ताट विसळलं, तर वर्षाला २,१९० ताटं आईच्या हातून सुटतात. आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा.