चार वर्षांचा छत्रपती

माण नदी शंभू महादेवाच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड या गावांवरून वाहत जाऊन पुढे भीमेला मिळते. हा मुलूख कमी पावसाचा आहे. त्यामुळे नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. इ. स. १७०० मध्ये औरंगजेब बादशहाची छावणी याच नदीच्या काठी, खवासपूर येथे पडली होती. ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री नदीला अकस्मात महापूर आला. तंबू, जनावरे आणि माणसे वाहून गेली. त्या गोंधळात बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला.

ब्याऐंशीव्या वर्षी हा बादशहा जे राज्य जिंकण्यासाठी रानोमाळ फिरत होता, त्या राज्याच्या गादीवर तेव्हा कोण होते? अवघा चार वर्षांचा एक बालक!

त्याच वर्षी मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर निधन पावले होते. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्लाही शत्रूच्या हाती गेला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहूराजे इ. स. १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. अशा कठीण समयी राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांनी आपला मुलगा शिवाजी यास गादीवर बसविले. आजोबांचेच नाव त्या बालकाला लाभले होते. हुकूम त्याच्या नावाने निघत, परंतु राज्याचा भार सुमारे पंचवीस वर्षांच्या त्या मातेने उचलला. किल्ले जात होते आणि परत घेतले जात होते. मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. इ. स. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांचा मोठा पराभव केला. राजा लहान होता, परंतु राज्य खचले नाही.

इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. मोगलांनी शाहूराजांना मुक्त केले. मराठ्यांत दुफळी माजावी, हाच त्यांचा हेतू होता, आणि तो सफल झाला. शाहूराजे म्हणाले, “मी थोरल्या शाखेचा, गादी माझी आहे.” ताराबाईंचे म्हणणे असे, की संभाजी महाराजांचे राज्य शत्रूने बुडविले, आताचे राज्य राजाराम महाराजांनी व आपण लढून राखलेले आहे, म्हणून ते आपल्या मुलाचेच होय. दोन्ही बाजूंना काही आधार होता. निकाल मात्र तलवारीने लागला. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेच्या काठी खेड येथे लढाई झाली. धनाजी जाधव शाहूराजांना मिळाले आणि ताराबाईंचा पक्ष दुबळा पडला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूराजांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यास आपल्या मुलाची निराळी गादी स्थापिली.

राजा लहान असला म्हणजे असे घडलेच पाहिजे काय? दूर युरोपात स्कॉटलंड नावाचा देश आहे. तेथे इ. स. १२४९ मध्ये तिसरा अलेक्झांडर हा सात वर्षांचा मुलगा राजा झाला. त्याला आपल्या ताब्यात ठेवण्यासाठी सरदारांचे दोन पक्ष झगडले. १२५७ मध्ये एका पक्षाने तर त्याला पळवूनही नेले. परंतु राजा तोच, याविषयी त्यांच्यात वाद नव्हता. म्हणून तो वयात येताच कारभार त्याच्या हाती आला, आणि पुढे १२६६ मध्ये त्याने नॉर्वेकडून पश्चिमेकडील बेटे मिळविली. मराठ्यांच्या राज्यात मात्र गादी कोणाची, हाच वाद होता. असा वाद मिटविणारा सर्वमान्य नियम नसला, म्हणजे घरातील माणसेही परकी होतात.

या बालराजाच्या नशिबी तेच आले. इ. स. १७१४ मध्ये राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांच्या पक्षाने त्याला व ताराबाईंना पन्हाळ्यावर कैदेत टाकले आणि राजसबाईंचा पुत्र संभाजी यास गादीवर बसविले. शिवाजी तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे राज्य सांभाळण्याजोग्या वयाचा झाला होता. त्या बंदिवासातच ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. ताराबाई मात्र १७६१ पर्यंत जगल्या.

औरंगजेबाशी झुंजताना मराठ्यांना गादीवर एक नाव हवे होते. ते या बालकाने दिले. त्या नावाने राज्य तरले. मात्र चौदा वर्षे छत्रपती म्हणविल्या गेलेल्या त्या मुलाच्या हाती राज्याचा कारभार कधीच आला नाही.