गुलाम जहाजातून बिशपच्या गादीवर

1821 साली आजच्या नैर्ऋत्य नायजेरियातल्या ओसोगुन गावावर गुलाम पकडणाऱ्यांची धाड पडली. अजायी तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. आईपासून त्याची ताटातूट झाली, तो एका हातातून दुसऱ्या हातात विकला गेला आणि शेवटी लागोसला पोर्तुगीज जहाजात कोंबला गेला. एप्रिल 1822मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवले आणि अजायी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला मुक्त होऊन उतरला.

तिथे चर्च मिशनरी सोसायटीने त्याला शिकवले. 1825मध्ये बाप्तिस्मा घेऊन तो सॅम्युएल क्राउदर झाला. (याच सोसायटीने पुढे आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरलाही मुक्त आफ्रिकी मुलांना सांभाळले, शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथेच शिकला होता.)

1843मध्ये क्राउदरना लंडनला पाळकाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दकोश छापला गेला. ते कोशात आणि बायबलच्या भाषांतरात मिशनच्या आवारातली बेतीव भाषा वापरत नसत. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे शब्द, म्हणी, जुन्या धर्मातले बोलणे ते कान देऊन ऐकत. स्वरांच्या चढउतारांनी अर्थ बदलणारी ही भाषा त्यांची मायबोली होती, आणि मला त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे हा कोश आणि भाषांतरच वाटते.

1846मध्ये अबेओकुटा इथे मिशनरी म्हणून काम करताना त्यांना त्यांची आई भेटली, पंचवीस वर्षांनी! दोघांना एकमेकांकडे बघत राहण्यापलीकडे काही सुचेना. पुढे त्या माउलीने मुलाच्या धर्माचा स्वीकार केला.

आफ्रिकेतले चर्च आफ्रिकी लोकांनीच चालवावे, असे सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचे ठाम मत होते. त्यांच्याच आग्रहामुळे 29 जून 1864 रोजी कँटरबरी कॅथेड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले आफ्रिकी बिशप. पण अबेओकुटा-लागोसकडचे गोरे मिशनरी काळ्या बिशपच्या हाताखाली काम करायला तयार नव्हते, त्यामुळे त्यांचा अधिकार प्रत्यक्षात नायजर नदीच्या खोऱ्यापुरता उरला. तिथे मात्र त्यांनी आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बळावर मिशन उभे केले.

व्हेन 1873मध्ये वारले आणि वारे फिरले. इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी क्राउदरच्या माणसांवर गैरवर्तनाचे आरोप ठेवले. काही आरोपांत तथ्य होते, क्राउदर आपल्या माणसांशी सौम्यपणे वागत हेही खरे. पण 1890मध्ये मिशनच्या समितीच्या ओनित्शातल्या बैठकीत ऐंशीच्या घरातल्या बिशपसमोर कालच्या पोरांनी त्यांची माणसे निलंबित केली, हा निव्वळ वर्णाचा माज होता. क्राउदरनी त्या समितीचा राजीनामा दिला. 31 डिसेंबर 1891 रोजी लागोसला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला.

2014मध्ये, त्यांच्या बिशपपदाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी कँटरबरीतच या अन्यायाबद्दल चर्चच्या वतीने माफी मागितली.