घोडे पूर्वेला गेले

लंडनचा नाताळातला आंतरराष्ट्रीय हॉर्स शो 2021 साली ऑलिम्पिया या जुन्या हॉलमधून उठला आणि शहराच्या पार पूर्वेला, जुन्या गोदीकाठच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात जाऊन बसला. ऑलिम्पियाचा पुनर्विकास निघाला होता. हॉटेलं, ऑफिसं, नाट्यगृह एवढं सगळं येणार म्हटल्यावर घोड्यांना जागा कुठून उरणार? नवं रिंगण मोठं आहे, सरावाला ऐसपैस जागा आहे, घोड्यांची अडचण कमी झाली आहे. हे सगळं मला मान्य आहे. राग मात्र गेलेला नाही.

इतिहास थोडक्यात उरकते. 1907 मध्ये ऑलिम्पियाच्याच छपराखाली घोड्यांचा आंतरराष्ट्रीय शो पहिल्यांदा भरला, पुढे तो दुसरीकडे गेला. मग 1972 साली रेमंड ब्रूक्स-वॉर्ड यांनी तिथे नाताळचा नवा शो सुरू केला. 1978 मध्ये निक स्केल्टन या स्वाराने लास्टिक नावाच्या घोड्यावरून सात फूट सात इंचांहून उंच उडी मारून ब्रिटिश विक्रम केला. ते मी पाहिलेलं नाही. माझं ऑलिम्पिया 1985च्या सुमारास सुरू होतं आणि 1994 मध्ये संपतं, कारण मधल्या वर्षांत मिल्टन नावाचा घोडा होता.

आमच्या इथल्या मराठी मंडळीत ‘घोडे बघायला चालले’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘किती लावलेस?’ घोडा म्हणजे महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि महालक्ष्मी म्हणजे जुगार, यापलीकडे कुणाची मजल जात नसे. ही शर्यत नव्हे, अडथळ्यांवरून उड्यांचा खेळ; काठी पाडली की चार फॉल्ट, घोडा अडला की (त्या काळी) तीन, हे समजावून मी थकले. एका गृहस्थांनी तर ‘मग जिंकतं कोण, घोडा की माणूस?’ असं खवचटपणे विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता, हे त्यांना आजही सांगणार नाही.

मिल्टन जवळजवळ पांढरा होता. आधी तो कॅरोलाइन ब्रॅडली या स्वाराकडे होता. 1983 मध्ये ती अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेली आणि पुढे तिच्या आईवडिलांनी तो जॉन व्हिटकरच्या हाती दिला. व्हिटकर यॉर्कशरच्या दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतील असा. घोडा मात्र बोलका! कान टवकारून अडथळ्याकडे यायचा, वर गेल्यावर मागचे पाय असे झटकायचा की गरजेपेक्षा फूटभर उंच उडाल्याचा त्याला आनंदच झालाय. ऑलिम्पियाचं रिंगण अरुंद होतं, वळणं आवळलेली. त्यामुळे पुढच्या रांगांत बसलं की खोगिराच्या चामड्याची करकर ऐकू यायची, नाकपुड्यांतून सुटणारा श्वास ऐकू यायचा, आणि काठीला खूर नुसता घासला तरी सगळा हॉल एकदम ‘हाऽ’ करायचा. वर 1886ची लोखंडी कमान आणि काचेचं छत. आवाज तिथे जाऊन परत खाली यायचा.

घोडदौडीच्या बाहेर दहा लाख पौंडांवर बक्षिसं मिळवणारा तो पहिला घोडा. 1990 आणि 1991 असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप त्याने जिंकले. पण 1990च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत शेवटच्या चौघांनी एकमेकांचे घोडे चालवायचे, असा नियम होता. तिथे व्हिटकरला रौप्यावर थांबावं लागलं. ज्या दोघांची एकमेकांशी वर्षानुवर्षं गाठ पडलेली, त्यांना ऐन निर्णायक दिवशी वेगळं करायचं, ही कुणाची अक्कल? तो नियम पुढे काढून टाकला. उशीर केला. दुसरा राग प्रायोजकांवर. त्यांनी मिल्टनला कधी ‘नेक्स्ट मिल्टन’ केलं, कधी ‘हेंडरसन मिल्टन’. अर्थात हार्वी स्मिथ या स्वाराच्या घोड्याचं नाव ‘सान्यो म्युझिक सेंटर’ होतं, त्यामानाने हा सुटलाच.

1992 मध्ये ब्रूक्स-वॉर्ड गेले. 1994 मध्ये मिल्टनने ऑलिम्पियातच निरोप घेतला. तेव्हा मी रडले, आणि शेजारचा अनोळखी, टाय लावलेला इंग्रजही रडला. घोड्यासाठी रडणं या देशात शिष्टसंमत आहे.

पुढची वीसेक वर्षं मला एकसारखी दिसतात. मध्ये शार्लट दुजार्दिन आणि तिचा घोडा वॅलेग्रो आले. ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, मला एरवी झोप आणते, पण 2014 मध्ये त्यांनी संगीतावरच्या फेरीत 94.3 टक्के मिळवून जागतिक विक्रम केला तेव्हा मीही उभी राहिले होते. मग 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर तिची जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवताना दुसऱ्या एका घोड्याच्या पायांवर चाबूक ओढताना ती दिसली. तिने चूक कबूल केली, वर्षाची बंदीही भोगली. जवळ बसलं की घोड्याचं सगळं कळतं, हा माझा जुना तोरा त्या दिवशी जरा उतरला. तालमीत काय होतं ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही.

तरी जवळच बसायचं असतं. एक्सेलमध्ये आता प्रेक्षक मोठ्या पडद्याकडे बघतात आणि खरा घोडा खालून उडून जातो. उडी संपल्यावर लोक पडद्यावर ती पुन्हा संथ गतीने बघून टाळ्या वाजवतात. शेटलंड पोनींची ‘ग्रँड नॅशनल’ शर्यत मात्र पूर्वीइतकीच बेशिस्त आहे. त्या बुटक्या, केसाळ प्राण्यांनी पुनर्विकासाची काडीइतकी दखल घेतलेली नाही.