तक्रार लपवू नका, तिला क्रमांक द्या!

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग असो, फर्निचरचा कारखाना असो की शिवणकामाचे दुकान, तक्रारी रोजच येतात. एक गिऱ्हाईक मालकाला सांगते, दुसरे उस्तादांना, तिसरे एखाद्या पोऱ्याला. जे जास्त ओरडते त्याचे काम आधी होते. जे मुकाट्याने निघून जाते ते पुन्हा येत नाही आणि धंदा कोठे गळतो हे मालकाला कळतही नाही.

हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात ‘डेबियन’च्या मंडळींनी कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे. इयान मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केलेली ही लिनक्स प्रणाली देशोदेशींचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. त्यांच्यावर हुकूम चालविणारा शेठ नाही. तरीही तक्रार हरवत नाही.

त्यांची पद्धत साधी आहे. आलेल्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. हे क्रमांक आता 10 लाखांच्या पुढे गेले आहेत. ज्याच्याकडे त्या भागाची जबाबदारी, त्याच्याकडे तक्रार जाते. मग तिची तीव्रता ठरते. माहिती नष्ट करणारा किंवा चोराला वाट देणारा दोष ‘क्रिटिकल’, वस्तू निरुपयोगी करणारा ‘ग्रेव्ह’, नियमाचा गंभीर भंग ‘सीरियस’. या तीन प्रकारचे दोष नव्या आवृत्तीच्या आड येतात. दुरुस्ती न झाल्यास तो भाग वगळलाही जातो. त्याखाली महत्त्वाचे, साधे व किरकोळ दोष येतात आणि शेवटी ‘विशलिस्ट’, म्हणजे नुसती इच्छा.

शिवाय प्रत्येक तक्रारीवर चिठ्ठी लावता येते: ‘अधिक माहिती हवी’, ‘मदत हवी’, ‘हे करणार नाही’. स्पष्ट नकारसुद्धा नोंदला जातो, हे विशेष. काम झाले की तक्रार करणाऱ्याला कारणासह कळविले जाते.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 1997 च्या सामाजिक करारात डेबियनने आपले दोष लपविणार नाही, असे जाहीर वचन दिले. तक्रारींची वही कोणीही उघडून पाहू शकतो.

आपल्याला हे नवे का वाटावे? बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओलावा दाखवून देणारे आणि तो वर ठेवण्यास सांगणारे प्रेषित (स.) आपलेच मार्गदर्शक आहेत. मालातील ऐब सांगणे हा आपल्या व्यापाराचा पाया आहे.

यासाठी संगणकाचीही गरज नाही. एक जाड वही घ्या. क्रमांक, तारीख, गिऱ्हाईकाचे नाव, तक्रार, जबाबदार कारागीर आणि निकाल असे रकाने आखा. ‘काम अडले’, ‘या आठवड्यात’, ‘सवडीने’ अशा तीन रंगांच्या खुणा करा. मात्र सर्वच तक्रारींना लाल खूण केली, तर लाल रंगाला अर्थ राहणार नाही. दर गुरुवारी उस्ताद व कारागिरांसह वही वाचा. महिनाभरात एकच दोष वारंवार दिसला, तर कारागिराला रागावण्यापूर्वी यंत्र आणि कच्चा माल तपासा.

तोंडी तक्रार भांडण वाढविते, लिहिलेली तक्रार धंदा सुधारते.