नावापुढचा कंस

मिरजेतल्या आमच्या गल्लीत माझ्या लहानपणी दोन रहीमचाचा होते. एक शिंपीकाम करायचे, दुसऱ्यांचा टांगा होता. शिंपी आधीपासून गल्लीत राहणारे, म्हणून ते नुसते 'रहीमचाचा'. दुसरे मागून राहायला आले, म्हणून ते आयुष्यभर 'टांगेवाले रहीमचाचा'. पहिल्यांना कुणी 'शिंपी रहीमचाचा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत संगणकापुढे बसून कसल्याशा कोशात नोंदी लिहितो. मी विचारलं, ''कसला कोश रे?'' तो म्हणाला, ''मामू, स्पायडरमॅनचा.'' मला हसू आलं. पण त्याची अडचण ऐकली आणि हसू थांबलं. अडचण एवढीच होती, की नोंदीच्या डोक्यावर नाव काय लिहायचं?

आधी हे कोश म्हणजे काय ते सांगतो. 'विकी' हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९९५ साली एक संकेतस्थळ सुरू केलं. त्याची पानं वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येत. त्याच कल्पनेतून २००१ साली विकिपीडिया आला आणि २००३ च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया. पुढे एकेका कथामालिकेचे चाहते स्वतंत्र कोश रचू लागले. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा 'मेमरी अल्फा' हा कोशही २००३ मधलाच.

या सगळ्या कोशांचा एक नियम असतो. एका शीर्षकाचं एकच पान. दोन पानांना तंतोतंत एकच नाव दिलेलं यंत्राला चालत नाही. मग नावापुढे कंस करून खुलासा लिहायचा. मराठी विकिपीडियावर या कामाला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. उच्चारताना दातांची परीक्षा होते, पण अर्थ साधा आहे. कोणते रहीमचाचा, ते सांगा.

दोन वेगळी माणसं असतील तर हे सोपं आहे. पण माणूस तोच आणि जग वेगळं असेल तर? 'स्टार ट्रेक'मध्ये १९६७ साली एक भाग आला. त्यात अंतराळयानाचा कप्तान चुकून दुसऱ्याच विश्वात जातो. तिथं तेच यान, तीच माणसं, पण सगळा कारभार क्रूर. इकडचा शांत स्पॉक तिकडे दाढी राखून आहे. पुढे २००९ च्या चित्रपटात काळाचा प्रवाहच फुटला आणि तिसरा, तरुण स्पॉक अवतरला. आता कोशात पानं कशी करायची? मेमरी अल्फानं मूळच्याला नुसतं 'स्पॉक' ठेवलं. दाढीवाल्यापुढे कंसात 'आरसा' लिहिलं आणि तिसऱ्यापुढे कंसात 'पर्यायी वास्तव'.

ही पद्धत सोयीची आहे. बहुतेक वाचक मूळच्या स्पॉकलाच शोधत येतात, त्यांना तो लगेच सापडतो. जुन्या पानांवरचे दुवेही बदलावे लागत नाहीत. पण जरा पलीकडून बघा. त्या दाढीवाल्या स्पॉकला आपण आरशातले आहोत असं वाटत असेल का? त्याच्या दृष्टीनं त्याचंच जग खरं आणि आरशातला असेल तर तो हा इकडचा. 'आरसा' हा शब्द त्याच्याविषयी फारसं सांगत नाही. पाहणारा कुठं उभा आहे, ते मात्र सांगतो.

आधी येणाऱ्याला नेहमी मान मिळतो, असंही नाही. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा 'फ्लॅश' नावाचा वेगवान नायक आहे. पहिला फ्लॅश जे गॅरिक, १९४० सालचा. दुसरा बॅरी ॲलन, १९५६ सालचा. दोघांची गाठ १९६१ मधल्या एका कथेत पडली, तेव्हा दोघं वेगवेगळ्या पृथ्वींवर राहतात असं ठरलं. लवकरच त्या पृथ्वींना क्रमांक मिळाले. नव्या नायकाची 'पृथ्वी-एक' आणि सोळा वर्षांनी वडील असलेल्याची 'पृथ्वी-दोन'! त्या वेळी नव्याचा खप चालू होता, म्हणून क्रमांकही त्याचाच पहिला.

स्पायडरमॅनच्या मार्व्हल कंपनीची रीत मला जास्त आवडली. १९८३ साली ब्रिटनमध्ये छापल्या गेलेल्या मार्व्हलच्या एका कथेत त्यांच्या मुख्य विश्वाला आकडा मिळाला, ६१६. एक नव्हे, शून्यही नव्हे. बसच्या तिकिटावर असावा तसा कुठलातरी आकडा. चाहत्यांच्या कोशानं तोच धागा पकडला. मूळचा पीटर पार्करसुद्धा तिथं नुसता पीटर पार्कर नाही. त्याच्यापुढे कंसात 'पृथ्वी-६१६' आहे. २००० साली सुरू झालेल्या नव्या मालिकेतल्या पीटर पार्करपुढे 'पृथ्वी-१६१०' आहे. कंस सगळ्यांना. नावाशी नाव जुळत नसलं तरीसुद्धा.

यात तोटा आहेच. नवख्या वाचकाला आकड्यावरून काही बोध होत नाही. 'आरसा' म्हटलं की निदान चित्र तरी उभं राहतं. १६१० म्हणजे काय, ते आत जाऊन वाचावं लागतं.

आता भाच्याच्या अडचणीकडे येतो. तो लिहीत होता पवित्र प्रभाकरविषयी. हा आपल्या मुंबईचा स्पायडरमॅन. २००४ साली भारतीय वाचकांसाठी त्याची चित्रकथा निघाली. खेड्यातून मुंबईला आलेला मुलगा, त्याला एका योग्याकडून शक्ती मिळते. काकूचं नाव माया, काकांचं भीम. २०२३ च्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटात तो पुन्हा भेटला, तेव्हा त्याच्या शहराचं नाव होतं 'मुंबॅटन', म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र.

भाचा आपल्या वहीत मराठीत मथळा करू पाहत होता. त्यानं लिहिलं होतं, 'स्पायडरमॅन (भारतीय)'. मी विचारलं, ''मग त्या पीटरपुढे 'अमेरिकन' लिहिलंस का?'' तो म्हणाला, ''तो तर स्पायडरमॅनच आहे की, मामू.'' मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, ''कोशात मात्र असं नाहीये. तिथं पवित्र प्रभाकर, कंसात पृथ्वी-५०१०१.'' चित्रकथेच्या मुखपृष्ठावर 'इंडिया' हा शब्द होता. कोशानं तो शीर्षकात घेतला नाही. मुलाला त्याचं नाव दिलं आणि सगळ्यांना दिला तसा एक आकडा.

मला हे एवढं का लागलं, ते सांगतो. तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहितो. बी.ए.ला मराठीच घेतलं होतं. ओव्या अम्मीच्या तोंडून ऐकल्या, जात्यावर. पण कितीतरी कविसंमेलनांच्या पत्रिकांवर माझ्या नावापुढे कंस असतो, 'मुस्लिम मराठी कवी'. वरच्या आणि खालच्या नावापुढे काहीच नसतं. ते नुसते कवी. छापणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, उलट कौतुकच असतं. मी मुसलमान आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कंस एकट्यालाच मिळाला, की तो माहिती देत नाही. मूळ घर कुणाचं आणि पाहुणा कोण, ते ठरवतो. शाहीर अमर शेखांचं नाव घेताना महाराष्ट्र कुठला कंस उघडत नाही. तो मान त्यांना लोकांच्या जिभेनं दिला.

कोश करणाऱ्यांचं काम सोपं नाही, हे मला आता कळतं. खुलासा नसेल तर वाचक चुकीच्या पानावर जातो. म्हणून कंस हवाच. फक्त तो लिहिताना दोन प्रश्न विचारावेत. या शब्दानं ज्याची ओळख सांगतोय, तो स्वतःला असं म्हणेल का? आणि शेजारच्या नावाला मी हाच प्रश्न विचारला का?

गेल्या महिन्यात एका संमेलनाच्या तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. ''सर, पत्रिका छापायला चाललीय. नावापुढे काय लिहू?'' मी विचारलं, ''बाकीच्यांच्या पुढे काय लिहिलंय?'' तो म्हणाला, ''काही नाही, सर.'' मी म्हटलं, ''मग सगळ्यांच्या पुढे त्यांचं त्यांचं गाव लिहा. माझ्यापुढे मिरज लिहा.''

पत्रिका आली. अकरा नावं, अकरा कंस. त्यात एक मिरज होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)